पीच बाहेरून देखणे, आतून पिठूळ: बिघाड चेंबरचा की वाणाचा?

मे महिना लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या फळबाजारात उत्तरेकडचे पीच दिसू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग तीच तक्रार येते. पेटी शीतगृहातून काढली तेव्हा फळ टणक, सालीवर लाली, कुठे डाग नाही. दुकानात दोन-तीन दिवस मांडलं, मऊ पडलं, गिऱ्हाईक घेऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. कापल्यावर रस नाही, गर पिठूळ, कोयीभोवती तपकिरी. किरकोळ विक्रेता म्हणतो, "भाऊ, तुमच्या चेंबरनं माल खाल्ला." चेंबरवाला, म्हणजे शीतगृहाचा मालक, तापमानाची वही पुढे करतो. दिल्लीचा आडत्या म्हणतो, आडू (पीचला तिकडे आडू म्हणतात) इथून निघाला तेव्हा चोख होता. या भांडणात एक गोष्ट कुणी नीट धरत नाही: त्याच चेंबरमध्ये, त्याच रॅकवर, तेवढेच दिवस राहिलेली शेजारची पेटी रसाळ निघालेली असते.

माझं सगळं म्हणणं त्या शेजारच्या पेटीवर उभं आहे. मशीन एक, दिवस तेवढेच आणि तरी निकाल दोन, तर फरक फळातच असला पाहिजे. पीचमध्ये हा फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, म्हणजे वाणाबरोबर येतो. हे न बघता कंप्रेसर दुरुस्त केला, आडत्या बदलला, पॅकिंग बदललं, तरी पुढच्या हंगामात दुखणं परत दारात उभं राहतं. म्हणून क्रमाने तपासू.

आधी दुखणं तेच आहे ना, ते बघा

या दुखण्याचं नाव थंडीची इजा, आणि ती फळ थंडीत असताना दिसत नाही. ते बाहेर येऊन पिकायला लागलं की ती उघडी पडते. त्यामुळे चेंबरच्या दारात गार फळ कापून "माल चांगला आहे" असं लिहून देण्याला काही अर्थ नाही. संशयित पेटीतली पाच-सहा फळं २० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-तीन दिवस ठेवा आणि मऊ होऊ द्या. मग सुरी मधोमध आडवी फिरवा, दोन्ही भाग उलट दिशांना पिळून वेगळे करा आणि एक भाग मुठीत दाबा. निरोगी फळातून रस बोटांवरून ओघळतो. इजा झालेलं फळ दाबलं जातं, पण ओलं होत नाही. गर ओल्या लोकरीसारखा किंवा पिठासारखा लागतो. दुसरं लक्षण रंगाचं: कोयीभोवतीचा किंवा सगळाच गर तपकिरी पडतो. तिसरं, कोयीजवळची लाली गरात पसरते आणि फळ आतून रक्ताळल्यासारखं दिसतं. ही तिन्ही लक्षणं एकत्र यायलाच हवीत असं नाही. ती वेगवेगळी का येतात, हे पुढे येईल. आणि या सगळ्यांच्या आधी चव जाते. फळ दिसायला ठीक, पण बेचव, वासही नाही, असं गिऱ्हाईक म्हणालं तर त्याला उडवून लावू नका. तो पहिला इशारा असतो.

काही दुखणी वरवर अशीच दिसतात. गर काचेसारखा पारदर्शक आणि पाणचट असेल तर फळ गोठलं आहे. पंख्याच्या थेट झोतातल्या पेट्या तपासा. सालीवर तपकिरी गोल डाग आणि त्यावर राखाडी भुकटी असेल तर ती बुरशी आहे. फळ मऊच होत नाही, रबरासारखं राहतं, सुरकुततं, तर ते बागेतच फार कच्चं तोडलेलं आहे. या तिन्हींवर पुढचा मजकूर उपयोगाचा नाही.

केळीची सवय इथे आडवी येते

खान्देशात थंडीची इजा कुणाला शिकवावी लागत नाही. रावेर, यावल, चोपड्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली गेला की केळीवर चरका पडतो. साल मळकट होते, सालीखाली तपकिरी रेषा येतात, आणि असा घड पुढे पिकवला तरी पिवळाधमक होत नाही. केळी १३ अंशांच्या खाली ठेवायची नाही, हे रायपनिंग चेंबरवर, म्हणजे केळी पिकवण्याच्या खोलीवर, काम करणाऱ्या पोऱ्यालाही पाठ असतं.

या अनुभवातून दोन समजुती तयार झाल्या आहेत. केळीपुरत्या त्या बरोबर आहेत, पीचसाठी मात्र दोन्ही चुकतात.

पहिली समजूत: थंडी जितकी जास्त तितकं नुकसान जास्त. दुसरी: नुकसान तापमान ठरवतं, वाण विचारायची गरज नाही. ही दुसरी कुठून आली ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडची बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, ग्रँड नैन ही सगळी एकाच कॅव्हेंडिश गटातली केळी. त्यांत गुणसूत्रांचे तीन संच असतात, बी धरत नाही, म्हणून लागवड कंदाने किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांनी होते. म्हणजे एका शिवारातलं झाड आणि दुसऱ्या तालुक्यातलं झाड जवळपास एकच शरीर आहे. थंडीला ती जवळपास सारखाच प्रतिसाद देतात. वाणांत फरक नसतो असं नाही. भाजीच्या केळीच्या काही जाती कॅव्हेंडिशपेक्षा थंडी बऱ्या सोसतात. पण आपल्या बाजारात तो प्रश्न सहसा येतच नाही.

पीचचं तसं नाही. पीचचे वाण हे वेगवेगळ्या आई-बापांच्या संकरातून, बीपासून निवडून काढलेले आहेत, आणि मग त्यांची कलमं केली आहेत. चीनमध्ये हजारो वर्षं, पुढे इराणमार्गे युरोपात, तिथून अमेरिकेत, असा या फळाचा प्रवास आहे, आणि प्रत्येक ठिकाणी निवड वेगळ्या कारणासाठी झाली. पेटीवर फक्त "पीच" लिहिलेलं असलं तरी आत सारखंच शरीर आहे असं मानता येत नाही.

सर्वांत वाईट तापमान शून्य नव्हे, पाच

पहिली समजूत आधी मोडू, कारण ती दुरुस्त करायला पैसा लागत नाही.

पीचला सगळ्यात जास्त इजा होते ती २.२ ते ७.६ अंशांच्या पट्ट्यात. कॅलिफोर्नियातल्या फळतज्ज्ञांनी या पट्ट्याला मारक पट्टा असं नाव दिलं आहे. नाजूक वाण या पट्ट्यात राहिले तर एक-दोन आठवड्यांत बिघडतात. तेच फळ शून्य अंशावर ठेवलं तर लक्षणं दिसायला साधारण तीन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे पाचापेक्षा शून्य बरं. केळीवाल्या माणसाला हे उलटं वाटतं, पण पीच साठवण्याची शिफारस उणे १ ते ० अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता अशीच आहे.

आता आपल्याकडची स्थिती बघा. मिश्र फळांच्या चेंबरमध्ये सफरचंद, द्राक्षं, डाळिंब, किवी, सगळं एकत्र राहावं म्हणून तापमान चार-पाच अंशांवर ठेवलेलं असतं. सगळ्यांना चालेल अशी तडजोड म्हणून. पीचसाठी ती तडजोड नेमकी मारक पट्ट्याच्या मध्यावर जाऊन बसते. घरचा फ्रिजही चार-पाच अंशांचाच असतो. वाटेतल्या गाडीचं तापमान काय होतं, हे तर बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

आणि दिवस बेरजेने मोजायचे असतात. बागेजवळच्या शीतगृहात किती, दिल्लीत किती, गाडीत किती, आपल्याकडे किती, गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये किती. चेंबरवाला "माझ्याकडे फक्त पाच दिवस होता" म्हणतो ते खरं असू शकतं, पण ते पाच दिवस आधीच्या दहावर येऊन पडलेले असतात. माल उतरवताना "कधी तोडला आणि तेव्हापासून किती अंशांवर होता" हे विचारलं नाही तर पुढचं कोणतंही निदान अर्धवट राहतं.

तापमान शून्याजवळ आणून आणि दिवस मोजूनही काही पेट्या बिघडतात. इथून पुढे वाणाचा भाग सुरू होतो, आणि तोच फार कमी लोकांना माहीत आहे.

गरात नेमकं काय अडतं

पिठूळ पीचमधला रस उडून गेलेला नसतो. फळाचं वजन करून बघा, फारसं घटलेलं नसतं. पाणी आतच असतं, पण अडकलेलं. भिजवलेल्या साबुदाण्याच्या ताटलीत पाणी दिसत नाही, कारण ते दाण्यांनी धरून ठेवलेलं असतं, तसंच हे.

पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. फळ पिकताना त्यावर दोन विकरं (एन्झाइम) पाठोपाठ काम करतात. पहिलं, पेक्टिन मिथाइलएस्टरेज, पेक्टिनच्या साखळीवरचे मिथाइल गट काढतं. दुसरं, एंडोपॉलीगॅलॅक्च्युरोनेज, ज्याला संशोधक एंडो-पीजी म्हणतात, ती मोकळी झालेली साखळी मधेमधे तोडतं. दोघांचा मेळ जमला की गर विरघळतो आणि रस सुटतो. थंडीत पहिल्याचं काम चालू राहतं, दुसऱ्याचं मंदावतं, आणि फळ उबेला आणलं तरी ते पूर्ण जोमाने परत येत नाही. मग मिथाइल गट गेलेल्या, पण न तुटलेल्या लांब साखळ्या तयार होतात. त्या पाणी धरून जेल बनवतात. पेशी फुटून रस देण्याऐवजी एकमेकींपासून सुट्या होतात. जिभेला जो पिठूळपणा लागतो तो याच सुट्या, न फुटलेल्या पेशींचा.

तपकिरी पडण्याची वाट वेगळी आहे. थंडीने पेशींची पटलं गळकी होतात, एरवी वेगळ्या कप्प्यांत राहणारी फिनॉल जातीची द्रव्यं आणि त्यांना काळं करणारं पॉलीफिनॉल ऑक्सिडेज एकत्र येतात. कापलेलं वांगं काळं पडतं त्यातही हीच रसायनं असतात. एका फळात पिठूळपणा आहे पण रंग स्वच्छ, दुसऱ्यात गर काळवंडलेला पण रसाळ, असं का दिसतं, याचं उत्तर इथे आहे. या दोन स्वतंत्र वाटा आहेत.

मग एक वाण बिघडतो, दुसरा का नाही

पीचच्या गराचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक विरघळणारा: पिकला की लोण्यासारखा मऊ, चावला की रस हनुवटीवर. ताजं खायला आपल्याला हाच आवडतो. दुसरा न विरघळणारा: पिकला तरी घट्ट, रबरी, डबाबंद फोडींना उत्तम. तसंच कोयीचं. काहींची कोय सुटून येते, काहींची गराला धरून बसते.

हे गुण यादृच्छिकपणे वाटले जात नाहीत. पीचमध्ये गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. त्यातल्या चौथ्या जोडीवर, जिला संशोधक चौथा गट म्हणतात, एका जागी कोय सुटणं आणि गर विरघळणं हे दोन्ही गुण ठरतात, आणि त्या जागी एंडो-पीजीची जनुकं बसलेली आहेत. कॅमेरॉन पीस, कार्लोस क्रिसोस्टो आणि थॉमस ग्रॅडझिएल या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये हा धागा मांडला. न विरघळणाऱ्या वाणांत हे विकर नीट काम करत नाही किंवा जनुकाचा तो भागच गायब असतो.

आता गरात काय अडतं तो मागचा भाग आठवा. पिठूळपणा हा दोन विकरांचा मेळ बिघडल्याने येतो, आणि त्यातलं दुसरं विकर एंडो-पीजी. म्हणजे फळाला रसाळ करणारं जनुक आणि थंडीत दगा देणारं जनुक एकच. संशोधकांनी हे प्रत्यक्ष संकर करून पाहिलं. 'डॉ. डेव्हिस' हा डबाबंदीसाठीचा, न विरघळणाऱ्या गराचा वाण आणि 'जॉर्जिया बेल' हा पांढऱ्या, विरघळणाऱ्या गराचा, कोय सुटणारा वाण. त्यांची संतती वाढवली आणि फळं थंडीत ठेवून एकेक झाड तपासलं. भावंडांतच फरक निघाला. काही पिठूळ, काही नाही. आणि पिठूळपणावर सर्वांत मोठा प्रभाव असलेली जागा चौथ्या गटावरच, एंडो-पीजीपाशी सापडली. न विरघळणारा गर असलेली भावंडं पिठूळ होत नाहीत.

तपकिरी पडण्याचा धागा मात्र दुसरीकडे निघाला. त्यात पाचव्या गटावरची एक जागा पुढे आली, आणि तिथे फळाला लाल रंग देणाऱ्या द्रव्यांच्या साखळीतलं एक जनुक संशयित आहे. म्हणून न विरघळणारा वाण पिठूळ होणार नाही, पण तपकिरी पडू शकतो. "माझ्याकडे घट्ट गराचा माल आहे, मला भीती नाही" असं म्हणणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

घराण्याची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. हिमाचलातून येणाऱ्या पेट्यांवर कधीमधी 'एल्बर्टा' हे नाव दिसतं. एल्बर्टा आणि ती जॉर्जिया बेल, दोन्ही १८७० च्या दशकात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात रंफ कुटुंबाच्या बागांत जन्मल्या, दोन्ही 'चायनीज क्लिंग' या चिनी वाणाच्या बीपासून. पुढे जगभरच्या कितीतरी वाणांत हे रक्त गेलं. अशा थोड्याशाच मुळांमधून इतकी बाग उभी राहिली की चांगल्या गुणांबरोबर ठिसूळ गुणही पसरतात. २०१३ मध्ये 'लोवेल' या वाणावरून पीचचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. आता अशा जागा शोधणं आणि रोप लहान असतानाच पानावरून निवड करणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं आहे. पीचला फळ धरायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर थांबून, फळ तोडून, आठवडेच्या आठवडे थंडीत ठेवून मग निर्णय घेणं, ही पैदासकाराची जुनी शिक्षा होती.

हे सगळं जनुकांवर टाकून मोकळं होता येणार नाही. त्याच वाणाचं, पण झाडाच्या आतल्या सावलीत वाढलेलं फळ उन्हातल्या फळापेक्षा लवकर बिघडतं. कच्चं तोडलेलं फळही तसंच. जनुक कुठवर जायचं ते ठरवतं. त्यात किती लवकर पोचायचं ते बाग आणि गाडी ठरवतात.

पेटीवर वाण लिहून घ्या

आडत्याला पहिला प्रश्न वाणाचा विचारा. बिलावर लिहून घ्या. 'शान-ए-पंजाब', 'फ्लोरडाप्रिन्स', 'प्रताप', 'शरबती', 'एल्बर्टा', 'जुलै एल्बर्टा', 'जे. एच. हेल', जे असेल ते. नाव माहीत नसेल तर निदान राज्य, बागेचा पट्टा आणि तोडणीचा आठवडा. पंजाबचा एप्रिल-मेचा माल आणि हिमाचलातल्या राजगडकडचा जून-जुलैचा माल एकाच खात्यात टाकू नका.

कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये पीच, नेक्टरीन (गुळगुळीत, बिनलवीच्या सालीचं पीच) आणि प्लमच्या कितीतरी वाणांची एकत्र परीक्षा प्रसिद्ध झाली. त्यातून दिसलेला कल असा: नेक्टरीनपेक्षा पीच नाजूक, आणि लवकर येणाऱ्या वाणांपेक्षा मधल्या-उशिराच्या हंगामातले वाण नाजूक. हा कल आहे, हमी नव्हे, पण माल किती दिवस ठेवायचा हे ठरवताना उपयोगी पडतो. हंगामाच्या शेवटचा पीच "आता भाव चढेल" म्हणून चेंबरमध्ये धरून ठेवण्याचा मोह सर्वांत धोक्याचा, आणि नेमका तोच सर्वांना होतो.

एक गैरसमज वारंवार ऐकतो. "हा लो-चिलिंग वाण आहे, म्हणून थंडी सोसत नाही." लो-चिलिंग हा शब्द झाडाबद्दल आहे. पीचच्या झाडाला हिवाळ्यात ठराविक तास थंडी मिळाली तरच वसंतात कळ्या नीट फुटतात. डोंगरातल्या वाणांना ते तास पुष्कळ लागतात, फ्लोरडाप्रिन्ससारख्याला १५० च्या आसपास पुरतात, म्हणून तो पंजाबच्या सपाटीवर येतो. कळीची ही भूक आणि तोडलेल्या फळाचं थंडीतलं वागणं यांचा थेट संबंध नाही. लो-चिलिंग म्हणून घाबरू नका आणि डोंगरी म्हणून निश्चिंतही राहू नका.

दोन तापमानांची चाचणी

कॅलिफोर्नियातल्या त्या १९९९ च्या परीक्षेत वाणांचे तीन गट केले होते, आणि ती विभागणी आपल्याला उचलता येते. पहिला गट, जो ० वरही टिकतो आणि ५ वरही. दुसरा, जो ० वर टिकतो, पण ५ वर बिघडतो. तिसरा, जो दोन्हीकडे बिघडतो.

नव्या वाणाचा किंवा नव्या बागेचा माल आला की एक-दोन पेट्या बाजूला काढा. निम्मी फळं शून्याजवळच्या चेंबरमध्ये, निम्मी पाचवर. पाचसाठी साधा फ्रिज चालतो, आत थर्मामीटर ठेवा. दर आठवड्याला दोन्हींकडून पाच-पाच फळं काढा, २० अंशांवर पिकू द्या, कापा, पिळा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: रस, तपकिरीपणा, आतली लाली. एका रकान्यात "खराब" असं लिहू नका, कारण पिठूळपणा आणि तपकिरीपणा यांची मुळं वेगळी आहेत हे आपण पाहिलं. वाण, बाग आणि तोडणीची तारीख त्याच ओळीत.

दुसऱ्या गटाचा माल निघाला तर तुमची समस्या मशीनच्या आकड्याची आहे आणि ती सुटते: पीच मिश्र चेंबरमधून काढा. तिसऱ्या गटाचा निघाला तर मशीन कितीही चांगलं असू द्या, तो वाण साठवायचा नाही. आला तसा विकायचा. पहिला गट मिळाला तर त्या बागवाल्याला धरून ठेवा, दोन पैसे जास्त द्यावे लागले तरी.

थंडीआधीची ऊब

विरघळणाऱ्या गराच्या वाणांसाठी एक उपाय खरोखर चालतो. तोडलेलं फळ थेट थंडीत न टाकता २० अंशांच्या आसपास २४ ते ४८ तास ठेवायचं, गर किंचित सैल पडू द्यायचा आणि मग झपाट्याने शून्याजवळ आणायचं. पिकण्याची प्रक्रिया, त्यात एंडो-पीजीही आलं, एकदा चालू झालेली असते, त्यामुळे मेळ बिघडायला वेळ लागतो. नाजूक वाणांना यातून एक-दोन आठवड्यांची मुदत वाढवून मिळू शकते.

यात खान्देशाची एक अडचण आहे आणि एक सोय. अडचण अशी की २० अंश म्हणजे आपला ओटा किंवा गोदाम नव्हे. मे महिन्यात भुसावळला पारा ४४-४५ वर असतो. त्या उन्हात पीच पिकत नाही, कुजतो. सोय अशी की केळीची रायपनिंग चेंबर्स गावोगाव आहेत आणि ती १६ ते १८ अंशांवर चालतात. रिकामं असेल तेव्हा तेच थोडं वर घेऊन वापरा. आर्द्रता चांगली ठेवा, हवा खेळती ठेवा, डाग असलेलं फळ आधीच बाजूला काढा, नाहीतर बुरशी त्या दोन दिवसांत सगळी पेटी घेईल.

पण हे पहिल्या थंडीच्या आधी करायचं असतं. माल दिल्लीहून गार गाडीत चार दिवस पाचवर येऊन पोचला असेल तर वेळ निघून गेलेली असते. तेव्हा हा उपाय बागेजवळच व्हावा असा आग्रह धरा. आणि साध्या ट्रकमधून ताडपत्रीखाली आग्रा रोडने तापत आलेला माल असेल तर त्याला आणखी उबेची गरज नाही. त्याला गिऱ्हाईक हवं.

काही गोष्टी करून उपयोग नाही, काहींनी नुकसान होतं. सफरचंद टिकवायला वापरतात ते १-एमसीपी, जे फळाला इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, जाणवू देत नाही, ते साठवणीच्या पीच-नेक्टरीनमध्ये पिठूळपणा वाढवू शकतं. एंडो-पीजीला जागं करायला इथिलीन लागतं, म्हणून. साठवणीत थोडं इथिलीन असलेल्या नेक्टरीनमध्ये पिठूळपणा कमी आढळला आहे. त्यामुळे इथिलीन शोषणाऱ्या पुड्या पीचच्या पेटीत कोंबण्यात हशील नाही. मेण लावणं, कागदात गुंडाळणं, बर्फाच्या पाण्यात बुडवणं यांनी साल चकचकीत राहील किंवा वजन टिकेल, जनुक बदलणार नाही.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते सोपं आहे. टणक पीच फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर, घरातल्या सगळ्यात गार जागी, पिकू द्या. वास सुटला आणि देठाजवळ बोट दबलं की मग फ्रिजमध्ये, तेही एक-दोन दिवस. दुकानात एवढं बोललात तरी परत येणाऱ्या पिशव्या कमी होतात.

बिघडून गेलेल्या मालाचं काय? पिठूळ झालेलं फळ पुन्हा रसाळ होत नाही, कितीही पिकवा. पण ते विषारी नाही, सडलेलंही नाही. गर स्वच्छ रंगाचा असेल तर शिजवून जॅम, चटणी किंवा बर्फी-मिठाईचा गर म्हणून जातो. रस काढायला मात्र देऊ नका, पाणी जेलमध्ये अडकलेलं असल्याने उतारा पडत नाही. तपकिरी पडलेला गर शिजवला तरी रंग आणि चव दोन्ही दगा देतात, तो गुरांकडे किंवा खड्ड्यात. आणि ती पेटी फेकण्याआधी तिच्यावरचं वाणाचं नाव, बाग आणि तारीख वहीत उतरवून घ्या.